युरोपातला स्टिकलबॅक ब्रह्मपुरीच्या उन्हात जगेल का?

तळ्याकाठचा
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात राहतो, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र आहे. वर्तनशास्त्राच्या धड्यात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या टिनबर्गननं अभ्यासलेला तीन काट्यांचा स्टिकलबॅक मासा वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. विणीच्या दिवसांत नराचं पोट लालभडक होतं. पाणवनस्पतींचे तुकडे तो मूत्रपिंडातून निघणाऱ्या चिकट स्रावानं जोडून तळाशी घरटं बांधतो. मादीसमोर नागमोडी नाचतो, तिनं अंडी घातली की तिलाच हाकलतो आणि मग पंखांनी अंड्यांवर ताजं पाणी सोडत पहारा देतो. हे मला घरी टाकीत पाहायचं आहे.

टाकी तीन फुटी, सव्वाशे लिटरची. खोलीत कूलर आहे. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लावून पाणी १८ अंशांवर राहील का? की मिनो, बिटरलिंग हे युरोपातले दुसरे छोटे मासे सोपे पडतील? बाबा म्हणतात, मोटरपंपाचं बिल भरणं होत नाही अन् याच्या माशाले एसी पायजे.

कूलरवाला_पुसद
भाऊ, माह्यं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान हाय अन् मागच्या खोलीत माशायच्या टाक्या. म्हणून यंत्राचं सांगतो, माशाचं बाकीचे सांगतीन.

कूलरच्या भरवशावर राहू नको. पाणी उडून जी थंडी भेटते तिले एक हद्द असते. मे महिन्यात ४५ अंश अन् हवेत ओल १५ टक्के धर, तरी ओल्या ताट्यांतून येणारी हवा २४ च्या खाली जातच नाई. अन् ते बी ताट्या नव्या असल्या तर. टाकीवर पंखा लावला तरी हेच गणित. त्यात एक मेख अशी का खोलीत कूलर सुरू असला म्हंजे हवा आधीच ओली, मंग टाकीवरचा पंखा नुसता फिरते. मृग जवळ आला की ही हद्द अजून वर चढते. तुले पायजेत १८!

चिलरनं जमते, पण चिलर म्हंजे फ्रीजच. पाण्यातली गरमी काढते अन् त्याच खोलीत फेकते. चाळीसच्या खोलीत कंडेन्सरनं गरमी टाकावी कुठं? कॉम्प्रेसर बंद व्हाचं नाव घेत नाई. म्हणून छोटं मॉडेल घेऊ नको, चिलर खोलीबाहेर सावलीत ठेव, टाकीच्या तीन बाजूले थर्माकोल लाव. एवढं करून दुपारी लाइन गेली तर? पाणी तापाले लागते, अन् तापल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावते. १८ अंशाले लिटरमागं साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ले साडेसात. त्याच वेळी एअरपंप बी बंद पडलेला.

अजून एक. मे मधी कूलर बंद असला तर थंड काचेले घाम येत नाई, हवा कोरडी असते. कूलर चालू असला नाईतर पाणी-पाऊस सुरू झाला की काच गळते अन् प्लायवुडचा स्टँड फुगते. स्टँड लोखंडी अँगलचाच बनव.

वणीची_सध्या_जर्मनीत
कूलरवाले भाऊ उन्हाळ्याचं बोलले, मी हिवाळ्याचं सांगते. माझी स्टिकलबॅकची टाकी इथे तळघरात आहे. या माशाला पाच-सहा अंशांची, लहान दिवसांची थंडी काढू द्यावी लागते, मग दिवस मोठे होताना नर रंगात येतो. बारा महिने एकसारखे १८ अंश ठेवून तो नाच दिसेल असं धरून चालू नका. खाण्यातही नखरे फार. कोरडं खाणं तोंडात घेऊन थुंकतो. डाफ्निया (पाण्यातले बारीक पिसू), लाल अळ्या असं जिवंत किंवा गोठवलेलंच लागतं.

मिनोलाही थंड, वाहतं पाणी हवं आणि तो थव्यानं ठेवायचा मासा. १९३८ साली कार्ल फॉन फ्रिशनं दाखवलं होतं की एका मिनोची कातडी जखमी झाली तर पाण्यात उतरलेल्या द्रव्यानं सगळा थवा बिथरतो. (टिनबर्गनसोबत १९७३ चं नोबेल मिळालेले तेच हे.) बिटरलिंग उष्णता जरा जास्त सोसतो, पण त्याची मादी अंडी जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत घालते. घरच्या टाकीत शिंपला बहुधा उपाशी मरतो आणि पाणी नासतं.

आणि कुणाच्या सुटकेसमधून मागवू नका. भारतात जिवंत मासा आणायला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट (आयातीचा सरकारी आरोग्य-परवाना) लागतं, विलगीकरण लागतं.

तळ्याकाठचा
ताई, भाऊ, धन्यवाद. म्हणजे नादच सोडू?

कूलरवाला_पुसद
नाद काहून सोडतं? मासा बदल. तुले बाप पिल्लं सांभाळताना पाहाचा हाय ना? मंग चन्ना गचुआ ठेव. मरळीच्याच कुळातला, पण वीतभर, पंखायले नारिंगी काठ. याचा नर अंडी तोंडात धरते, तेवढे दिवस खात नाई, गलफडं फुगलेले दिसते. माह्या टाकीतला तर तेव्हा कोपऱ्यातून हालत नाई, मादी जवळ आली तरी तोंड फिरवते. वर येऊन हवा घेते, म्हणून तापलेलं पाणी बी सोसते.

जोडी जबरदस्तीनं लागत नाई. चार-पाच लहान सोबत वाढव, जुळलेली जोडी ठेव, बाकीचे काढ. लपाले खापराचे तुकडे दे. पाण्याच्या वर चार बोटं हवा सोड अन् झाकणावर वजन ठेव, हा उडी मारते. नाल्यातून आणशीन तर चालन, तलावातून घ्याचा असला तर मच्छीमार सोसायटीले आधी विचार, ठेका त्यायचा असते.