मदत हवी आहे : ऑनलाइन त्वचातज्ज्ञांना फोटो कसे पाठवायचे?

शेवंती
नमस्कार. उद्या दुपारी ऑनलाइन अपॉइंटमेंट आहे, त्यामुळे उत्तरं आजच हवीत. मागच्या वेळी पाठवलेले फोटो बघून डॉक्टर म्हणाल्या, यावरून नक्की काही सांगता येत नाही, पुन्हा काढा. फोन नवा आहे, कॅमेरा उत्तम आहे. मला चट्टा स्वच्छ दिसतो, फोटोत मात्र सगळं सपाट गुलाबी येतं. ज्यांनी असे उपचार घेतलेत त्यांनी फोटो कसे काढले ते सांगा. खाजेने झोप लागत नाही. "प्रत्यक्ष जा" हा सल्ला कृपया नको.

वाटसरू
चट्टा कुठे आहे? किती जुना? कोरडा की ओलसर? आधी काही लावलंय का?

टिपकागद
खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा. फ्लॅश बंद, ब्यूटी मोड बंद. हा मोड कधीकधी आपोआप चालू असतो आणि त्वचेवरचे खवले पुसूनच टाकतो. एक फोटो लांबून, म्हणजे शरीराचा कुठला भाग आहे ते कळेल. एक साधारण वीतभर अंतरावरून. एक तिरका, म्हणजे कडा उंचावलेली आहे का ते दिसेल. शेजारी मोजपट्टी धरा. मेसेजमधून पाठवताना फोटो दाबला जाऊन बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि व्हिडिओ कॉलवर विसंबू नका, स्थिर फोटो त्यापेक्षा कितीतरी बरा.

रानवारा
त्वचेचा डॉक्टर बोटाने चाचपून बघतो, खरवडून बघतो. फोनवर काय डोंबल दिसणार? माझ्या भावाला ऑनलाइन इसब सांगितला होता, निघाला सोरायसिस. पैसे वाया घालवू नका, थेट जा.

टिपकागद
त्यांनी स्पष्ट लिहिलंय की हा सल्ला नको. इसब आणि सोरायसिस यांत समोर बसवूनही गल्लत होते, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. मुरुमं, कोंडा, साधा इसब, जुन्या आजाराची फेरतपासणी, इतकं ऑनलाइन व्यवस्थित होतं.

चांदणचुरा
मुरुमांसाठी मी पूर्ण ऑनलाइनच उपचार घेतले! अ‍ॅडापॅलीन रात्री, बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी. सुरुवातीला त्वचा सोलते, घाबरायचं नाही. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि लोक त्याआधीच सोडून देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेलचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वापरा. शेवंतीताई, चेहरा धुवायला काय वापरता?

शेवंती
मुरुमं नाहीत हो. मांडीच्या आतल्या बाजूला आणि कमरेवर आहे. बरेच महिने झाले. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावते. लावलं की चार दिवसांत बसतं, थांबवलं की आधीपेक्षा मोठं होऊन येतं. पण मलमाचा इथे संबंध नाही, प्रश्न फोटोंचा आहे.

वाटसरू
संबंध आहे, आणि मला वाटतं सगळा गुंता तिथेच आहे. नळीवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही आहे का? ही स्टिरॉइडं. तुमचा चट्टा गजकर्णाचा असेल, तर स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ती ओळखीची गोल, उठावदार, खवल्यांची कडा पुसट होते. मग डॉक्टरांना फोटोत "काही कळत नाही" याचं कारण कॅमेरा नसून मलमच असू शकतं. डॉक्टरांना मलमाबद्दल सांगितलंत का? आणि घरात अजून कोणाला खाज आहे?

शेवंती
विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. नळीवर क्लोबेटासोल आहे, शिवाय बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिकसुद्धा आहे. बहिणीलाही खाज आहे, पण तिला काखेत आहे. वेगळं असेल.

रानवारा
मग खरूज आहे! रात्री खाज, घरात दोघांना. सगळ्यांनी परमेथ्रिन लावा, आठवड्याने पुन्हा लावा.

वाटसरू
खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ देते. इथे मोठे होत जाणारे चट्टे आहेत. गजकर्णही टॉवेल-कपड्यांतून घरात पसरतं. न बघता औषध सुचवू नका, प्लीज. शेवंती, नळीचा फोटो काढा आणि बाकी फोटोंच्या आधी तोच पाठवा. मलम बंद कसं करायचं तेही उद्या विचारा, थांबवल्यावर एकदम उसळी येऊ शकते.

ओंजळभर
मध्येच विचारते. पाठीवर एक तीळ आहे, हल्ली गडद वाटतो. ऑनलाइन दाखवला तर चालेल ना?

टिपकागद
नको. दोन अर्धी सारखी नसणं, कडा वेडीवाकडी, रंग एकाहून जास्त, व्यास ६ मिलिमीटरच्या वर, आणि बदलत जाणं, यांपैकी काहीही असेल तर प्रत्यक्षच दाखवा. तीळ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, बघावा लागतो. तुमचा बदललाय, वाट बघू नका.

रानवारा
म्हणजे शेवटी प्रत्यक्षच ना!

टिपकागद
तिळासाठी हो. ताप आणि अंगभर फोड असतील, किंवा नवीन औषधानंतर तोंडात-डोळ्यांत जखमा असतील तर थेट इस्पितळच. कुठे काय चालतं एवढंच मी म्हणतोय.

ओंजळभर
धन्यवाद, जाते. शेवंती, एक राहिलं. अशा जागेचे फोटो फोनच्या गॅलरीतून आपोआप क्लाउडवर चढतात आणि घरातल्या सगळ्या यंत्रांवर दिसतात. आधी बॅकअप बंद करा. कोणाच्या खासगी नंबरवर पाठवण्यापेक्षा अ‍ॅपमध्ये सोय असेल तर तिथेच चढवा. महिला मदतनीस कॉलवर असावी असंही सांगता येतं.

शेवंती
हे खूप कामाचं. खरं तर याच कारणाने समोर जाऊन दाखवायची इच्छा नव्हती.

शेवंती
अपॉइंटमेंट झाली. नळीचा फोटो आधी पाठवला, तो बघताच डॉक्टरांनी पहिला प्रश्न मलमाचाच विचारला. बुरशीचाच संशय आहे. जवळच्या लॅबमध्ये चट्ट्याची कड खरवडून नमुना द्यायचा, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मलम बंद करायला सांगितलंय. औषध अहवालानंतर, बहिणीला वेगळी अपॉइंटमेंट. टॉवेल वेगळे केले. नमुना देण्याआधी मलम बंद करून किती थांबायचं, ते विचारायचं राहिलं. कोणाला माहीत आहे का?

चांदणचुरा
मी तर लगेच दिला होता नमुना, पण माझा नखांचा होता.

वाटसरू
हे डॉक्टरांनाच मेसेज करून विचारा. तुमच्या मलमात बुरशीचं औषधही आहे, त्यामुळे बुरशी असूनही अहवाल चुकून कोरा येऊ शकतो. लॅबमध्येही मलमाचं नाव सांगा आणि त्या दिवशी त्या जागी काहीही लावून जाऊ नका, खोबरेल तेलसुद्धा नाही.