मदत हवी आहे : स्टेपनी चढवताना घाम फुटतोय

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या सहाचाकी ट्रकला ९.००-२० साइझचे टायर होते. यंदा रिमसकट १०.००-२० टाकले. गाडी झकास चालते, पण स्टेपनीचं गणित बिघडलं. नवा टायर उंचीला तीन-साडेतीन सेंटीमीटर आणि जाडीला दोनेक सेंटीमीटर जास्त. चेसीखालच्या कॅरिअरात कसाबसा कोंबला, तर क्लॅम्पची पट्टीच बसेना. सध्या दोरखंडानं आवळलाय. हसू नका.

परवा कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं गूळ भरून रत्नागिरीला निघालो आणि आंबा घाटात मागचा टायर बसला. स्टेपनी खाली घेतली ती घेतली, पण पंक्चरचं चाक परत वर चढवताना जीव गेला. रिम धरून शंभर किलोच्या आसपास वजन. खाली जॅक, बाजूनं टॉमी (लोखंडी दांडा), वर पाऊस. भाच्याचं बोट रिम आणि चेसीच्या लोखंडी चॅनलच्या मधे सापडलं, नख काळंनिळं झालंय.

आता दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, कॅरिअर खाली वाढवून साखळीचं विंच, म्हणजे हँडल फिरवून चाक वर ओढायचं यंत्र, बसवायचं. पण मग उसाच्या रानात ते बांधाला घासणार. दुसरा, केबिनमागं उभा स्टँड आणि वर कप्पी. वेल्डर म्हणतो साधं रॅचेटचं (दातेरी चाक आणि खटक्याचं) विंच चालतंय. मला वर्म गिअरचं बरं वाटतं, हँडल सुटलं तरी चाक जागेवर राहतं.

कुणी असं करून घेतलंय का? शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडं चांगला फॅब्रिकेटर असेल तर सांगा. फोटो टाकलात तर लय उपकार होतील.