प्रतिसाद: दोरीची लेसिंग कशाला, झिप-टाय आहेत की!

वरती विचारलंय की झिप-टाय (वायरी आवळायची प्लास्टिकची पट्टी) असताना दोरीचा, म्हणजे वायरींचा जुडगा दोरीच्या गाठींनी बांधायच्या लेसिंगचा, उपद्व्याप कशाला. घरच्या कॉम्प्युटरमागच्या वायरींसाठी खरंच नको. पण कापलेल्या झिप-टायचं टोक हाताला ब्लेडसारखं लागतं आणि पॅनेलमध्ये शेजारच्या वायरचं इन्सुलेशनही खरवडतं. शिवाय जोरात आवळला की तो वायरीत रुततो. लेसिंगला वापरतात ती चपटी, मेण लावलेली नायलॉनची टेप दाब पसरवते आणि गाठ सरकू देत नाही. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये हेच काम मेणाच्या दोऱ्यानं व्हायचं. नासाच्या ८७३९.४ या मानकातही गाठी कशा घालायच्या ते चित्रांसह दिलंय.

आता खरी गोम. सलग लेसिंग करताना, म्हणजे एकाच दोरीनं ओळीनं गाठी घालताना, बरेच जण साधा अर्धा फास घालत जातात. हवी असते मार्लिन हिच (हिच म्हणजे वस्तूभोवती घालायची गाठ), आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच. फेरा पूर्ण झाल्यावर पुढे जाणारी दोरी त्या फेऱ्याच्या खाली, वायरींना चिकटून दाबली गेली पाहिजे. वरून गेली तर समजा चुकलं. खात्री करायची तर पेन्सिलीवर चार-पाच हिच घाला आणि पेन्सिल ओढून काढा. अर्धे फास असतील तर दोरी सरळ हातात येते, मार्लिन असेल तर गाठींची माळ उरते. म्हणजे मध्येच दोरी तुटली तरी बाकीचं सुटत नाही.

सुरुवातीला क्लोव्ह हिच (दोन फेऱ्यांची गाठ), तिच्यावर चौकोनी गाठ. जुडग्यातून वायरींचा फाटा फुटतो तिथे आधी आणि नंतर, दोन्हीकडे बांधा. आणि वायरींचा पीळ आधी काढून त्या समांतर लावून घ्या, नाहीतर कितीही सुबक गाठी घातल्या तरी जुडगा वेडावाकडाच दिसतो.