गादी कुठली घेऊ? (ए विंग, बी विंग, सगळ्यांना विचारतोय)

शनिवार, रात्री ९:१०

ए-१०२: नमस्कार मंडळी. घरगुती प्रश्न आहे, ग्रुपवर चालेल ना? बेडरूमची गादी बदलायची आहे. आत्ताची काथ्याची, अकरा वर्षं झाली. मधोमध अशी बसलीय की दोघंही रात्री घरंगळत मध्ये येतो. बायकोची कंबर धरते आणि माझी झोप रोज पहाटे पावणेपाचला मोडते ती मोडतेच. दुकानदार म्हणतो ऑर्थोपेडिक घ्या, मेव्हणा म्हणतो मेमरी फोम. ऑनलाइन एकदाच बघितलं, तेव्हापासून मोबाइल गादीशिवाय काही दाखवत नाही. बजेट पंधरा ते वीस हजार.

ए-१०१: दोघं घरंगळत मध्ये येता ही तक्रार आहे की जाहिरात, दादा?

ए-१०२: तुझं लग्न होऊन सहा महिने झालेत. अकरा वर्षांनी विचारतो तुला.

बी-३०३: उत्तरेकडे डोकं करून झोपता का? आधी ते बघा. एक फॉरवर्ड पाठवतो.

बी-३०३: हा संदेश हटवला गेला

बी-३०३: चुकून दुसरंच गेलं. सॉरी.

बाई (ए-३०४): कापसाची करून घ्या, बाकी विचारच नको. माझ्या लग्नातली गादी अजून वापरात आहे, १९७४ सालची. कापूस तोच, खोळ चौथी. पूर्वी पिंजारी धनुकली खांद्यावर टाकून दारात यायचा. तारेचा तो टणत्कार ऐकला की आम्ही पोरं धावत सुटायचो आणि संध्याकाळी केसात कापूस घेऊन घरी. आता स्टेशनच्या पलीकडे मशीनवर तासाभरात पिंजून मिळतो. दर तीन-चार वर्षांनी पिंजली की गादी पुन्हा टम्म. तुमचा फोम बसला की तो पिंजता येतो का?

ए-३०४ सूनबाई: आई, पण ती गच्चीवर उन्हाला कोण नेतं तेही लिहा ना.

बाई (ए-३०४): लिहिते. हीच नेते. वजन आहे हे खरं.

बी-२०१: मी बावीस वर्षं फोम कापण्याच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून बोलतो. बाईंचं चूक नाही. कापूस हवा खेळवतो, घाम पितो. पण पावसाळ्यात ओलही पितो, आणि आपल्या डोंबिवलीत जून ते सप्टेंबर ऊन मिळणार कुठून? फोम घ्यायचा तर दोन गोष्टी बघा, डेन्सिटी आणि कडकपणा. लोक दोन्ही एकच समजतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल आहे. त्यावर गादी किती वर्षं टिकेल ते ठरतं. मऊ की कडक हा वेगळा मामला. भरपूर डेन्सिटीची मऊ गादीही असते.

ए-१०२: पण दुकानदार डेन्सिटी बत्तीस म्हणाला तर ती बत्तीसच आहे हे कसं कळणार?

बी-२०१: वजन करा. सहा बाय पाच फूट, सहा इंची, सगळी एकाच फोमची गादी असेल तर बत्तीस डेन्सिटीला साडेतेरा किलोच्या आसपास भरायला हवी. चाळीसला सतरा. बत्तीस सांगून विकलेली दहा किलो भरली, तर काय समजायचं ते समजा. आणि उलटीही चलाखी असते, वजन वाढवायला फोममध्ये पावडर भरतात. असा फोम मुठीत दाबून सोडला की नीट उठत नाही, पुढे त्याचा चुरा पडतो. खोळीची चेन उघडू न देणाऱ्या दुकानातून मी स्वतः घेणार नाही.

ए-१०१: मेमरी फोम पण नासाचा आहे ना? म्हणजे चांगलाच असणार.

बी-२०१: १९६६ सालची गोष्ट. विमानातल्या सीटच्या गाद्यांसाठी निघाला. त्यांच्या डोळ्यांसमोर आपला मे महिना नव्हता. हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि ती उष्णता धरूनही ठेवतो. एसी असेल तर घे. नसेल तर रात्री दोनला फरशीवर चटई टाकशील.

बी-४०२ (फिजिओ ताई): कंबरेसाठी लिहिते. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दावर पैसे घालवू नका, तो लेबलवर कुणीही छापतं. आणि लाकडासारखी कडक गादी म्हणजे कंबरेला उत्तम, ही समजूत सोडा. २००३ साली लॅन्सेट या नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं.

ए-१०२: मध्यम म्हणजे नेमकी किती?

बी-४०२ (फिजिओ ताई): आकड्यात नाही सांगता येत, तुमच्या वजनावर आहे. दुकानात दोघंही जा, लाजू नका, चपला काढून दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. उताणं झोपून कंबरेखाली हात सरकवा. सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ. वहिनी कुशीवर झोपतात का? मग खांदा आणि कमरेचं हाड थोडं रुतायला हवं, नाहीतर सकाळी हात बधिर. आणि दादा, एक विचारू? घोरता का? मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येते का? तसं असेल तर गादीच्या आधी डॉक्टर.

ए-१०२: बायको म्हणते घोरत नाही. मी नाही, तीच म्हणते.

बी-२०१: पलंगाचं माप आतून घ्या हं. सुताराने केलेला पलंग छापील मापाचा कधी नसतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे पलंग पाहून अंथरूण घ्यायचं. शिवाय तुमचा पलंग सामानाचा, वर सलग प्लाय असेल. त्याला खालून हवा नाही, पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते. प्लायला ड्रिलने पंधरा-वीस भोकं पाडून घ्या.

ए-२०३: स्प्रिंगची कशी? आमच्याकडे आहे, हे कूस बदलतात आणि मी उडते.

बी-२०१: तारेने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगची असेल. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत असते, एकाची हालचाल दुसऱ्याला पोचत नाही. महाग असते. आणि दुमडत नाही, आपल्या लिफ्टमध्ये शिरणार नाही. ए-१०२ला प्रश्न नाही म्हणा, एकच जिना.

रात्री १०:२५

सिस्टर (ए-४०४): आत्ता ड्युटीवरून येऊन सगळं वाचलं. दादा, पावणेपाचला झोप मोडते म्हणालात. रोज पावणेपाचलाच?

ए-१०२: घड्याळ लावल्यासारखी.

सिस्टर (ए-४०४): अहो, तो पंप आहे. तुमच्या बेडरूमच्या बरोब्बर खाली पंपरूम.

ए-१०१: एक मिनिट. मीसुद्धा पावणेपाचला जागा होतो! मला वाटलं लग्न झाल्यापासून टेन्शन आलंय.

ए-१०३: आमचं बाळ त्याच वेळेला उठतं. पाच महिने झाले. आम्ही दृष्ट काढली होती.

बाई (ए-३०४): अगं बाई.

सेक्रेटरी (बी-५०१): सदस्यांना विनंती, रात्री दहानंतर चर्चा नको. तरी खुलासा करतो. पहाटे पंप लावला नाही तर सव्वापाचला ए विंगच्या टाकीत पाणी नसतं आणि सगळे मलाच फोन करतात. पंप दुरुस्त आहे, मागच्या दिवाळीत सर्व्हिस केला आहे.

ए-१०१: काका, रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ ना? नियमात निवासी भागाला रात्री ४५ डेसिबल आहे.

सेक्रेटरी (बी-५०१): नियम मला शिकवू नकोस. पंपाला डेसिबल लावू नकोस.

बी-२०१: काका, आवाज पंपाचा कमी, पंप बंद होतानाचा जास्त. शेवटी ‘ठक्क’ होतं ना? वर चढलेलं पाणी मागे येतं आणि व्हॉल्व्ह आपटून बंद होतो, त्याचा दणका पाइपातून भिंतीत जातो. व्हॉल्व्ह बदलायला हवा. आणि पंपाखालचे रबरी पॅड मी गणपतीत पाहिले होते, पार चपटे झालेत. म्हणजे गादी पंपाचीही बसली आहे.

सिस्टर (ए-४०४): पण मला पाणी हवं हो. माझी पाच वीसची लोकल. पंप सकाळी सातला करा असं कुणी म्हणू नका प्लीज.

ए-१०२: नाही नाही सिस्टर, तुमचं पाणी तोडून मला झोपायचं नाही.

बाई (ए-३०४): रात्री साडेनऊला टाकी काठोकाठ भरून ठेवावी. आमच्या जुन्या चाळीत तसंच करायचे. रात्रीत पितं कोण पाणी?

सेक्रेटरी (बी-५०१): केलं होतं बाई. पहाटेपर्यंत अर्धी होते.

बी-२०१: मग कुणाचा तरी फ्लश गळतोय. एक गळका फ्लश रात्रभरात बरंच पाणी नेतो. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका आणि अर्धा तास वापरू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर तुमचा.

मंगळवार, संध्याकाळी ७:४०

सेक्रेटरी (बी-५०१): हळदीच्या तपासणीत दोन फ्लॅट सापडले. नंबर लिहीत नाही. (एक माझा आहे.) दोन्ही फ्लश दुरुस्त. कालपासून टाकी रात्री साडेनऊला भरतो. व्हॉल्व्ह आणि पॅडचं कोटेशन शनिवारपर्यंत येईल.

सिस्टर (ए-४०४): आज पहाटे पाणी होतं. धन्यवाद काका.

ए-१०३: बाळ सहा दहाला उठलं. सहा दहा!!

ए-१०२: मी पण सहा वीस. बायकोची कंबर मात्र आहे तिथेच, तेव्हा गादी घेतोच आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुकानात पंधरा मिनिटं झोपलो, मला डुलकी लागली आणि सेल्समनने हलवून उठवलं. पाच इंच फोम, वर एक इंच लेटेक्स (रबराचा फोम), साडेअठरा हजार. चेन उघडून दाखवली. जुनी गादी कुणाला हवी का? नाहीतर वॉचमनला देईन म्हणतो.

बाई (ए-३०४): तुमच्या कंबरेला जी चालत नाही ती त्याच्या कंबरेला कशी चालेल? तो तर रात्रभर खुर्चीवर असतो बिचारा.

ए-१०२: बरोबर आहे बाई. दुकानदार बदल्यात घेतो का विचारतो. घंटागाडीवाला नाही म्हणाला.

बाई (ए-३०४): आणि वॉचमनसाठी मी एक पातळ कापसाची करून घेते आहे, माझ्या जुन्या दोन उशा आणि एक तक्का उसवून. रविवारी पिंजायला न्यायचंय, माझी मोठी गादीही आहे. खाली उतरवायला दोन मुलं हवीत. सूनबाईची पाठ दुखते.

ए-१०१: मी येतो बाई. फक्त साडेदहानंतर. रविवार आहे, आणि आता झोप लागतेय.