समुद्राच्या रॉडला आट्यांची सीट चिकटवायचीच कशाला? क्लॅम्प लावा की!

टिळकवाडी_ते_तेरेखोल
आमच्या समुद्रावर गळ टाकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोरानं १३ फुटी कार्बनचा कोरा ब्लँक, म्हणजे सीट किंवा दोराच्या कड्या (गाइड) न लावलेला नुसता दांडा, दाखवला आणि विचारलं, याला रील (दोर गुंडाळायची चरखी) कशानं बसवू? सगळ्यांचं एकच उत्तर: आट्यांची सीट आण, अरलडाइटनं चिकटव, विषय संपला. मला हे पटत नाही, म्हणून इथं धागा काढतोय.

आट्यांची सीट सगळ्यांना माहीत आहे. पाइपासारखी नळी, एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला सरकती टोपी आणि तिच्यामागं चक्री. रीलचा पाय दोन टोप्यांत घालायचा, चक्री आवळायची. ब्लँकवर एकदा चिकटवली की जन्माची तिथंच. माझी तक्रार नेमकी याच 'जन्माची'वर आहे.

मी वापरतो ते कोस्टर. इंग्लंडचे किनाऱ्यावरून लांब फेकणारे लोक वर्षानुवर्षं हेच लावतात. जाड नायलॉनच्या दोन कड्या, प्रत्येकीला खाच आणि खटका. रीलच्या पायाची एक जीभ एका कडीच्या खाचेत, दुसरी दुसरीच्या, खटके दाबले की पाय ब्लँकवर आवळून बसतो. उघडायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, गोंद नाही, ब्लँक कोराच राहतो.

फायदा काय? आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं समुद्राचा रॉड एकच असतो आणि रील दोन. स्पिनिंग रील खाली लटकते, ती वरच्या हाताजवळ लागते. मल्टिप्लायर (फिरत्या आडव्या स्पूलची रील) वर बसते आणि ती पार बुडख्याजवळ, वीत-दीड वीत अंतरावर घेऊन फेकणारेही आहेत. खालच्या हाताच्या अंगठ्यानं स्पूल धरायचा, वरचा हात मोकळ्या दांड्यावर. चिकटवलेल्या सीटवर हे दोन्ही कसं जमवणार? सीट जिथं आहे तिथं आहे.

दुसरं मीठ. मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस दहा मिनिटांत घरच्या नळाखाली रॉड धरतो. आपण बेळगावकडचे लोक चोर्ला घाट नाहीतर आंबोली घाट चढून तीन-चार तासांनी घरी येतो, तोवर चक्रीच्या आट्यांत मीठ आणि वाळू वाळून बसलेली असते. दोन-तीन वेळा असं झालं की चक्री पकडीनं सोडवावी लागते. कोस्टरला आटेच नाहीत.

खानापूर_मलप्रभा
अण्णा, घरात बसून सगळं झकास वाटतं. रात्री दगडांवर उभं राहून, हात ओले, आमिषाचं तेल बोटांना, अशा वेळी तो खटका तुमच्या बाहीत अडकून उघडला तर? रील हातात येते आणि रॉडच्या टोकाला मासा.

आणि ही नुसती मासा जाण्याची गोष्ट नाही. किनाऱ्यावरून १२५ ग्रॅमचं शिसं पूर्ण ताकदीनं फेकताना रील जागची हलली, बेल (स्पिनिंग रीलवरची दोर अडवणारी तार) मिटली, की दोर तटकन तुटणार आणि शिसं गोळीसारखं जाणार. मागं-पुढं पोरं उभी असतात. यासाठीच शिशाच्या दर औंसाला १० पौंड ताकद या हिशेबानं दोराच्या पुढच्या टोकाला जाड दोराचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधतात. १२५ ग्रॅम म्हणजे साडेचार औंसाला जरा कमी, म्हणजे ४५ पौंडी तरी हवाच. एवढी काळजी दोरीची घ्यायची आणि रील मात्र खटक्यावर सोडायची, हे कुठलं शहाणपण?

आट्यांच्या सीटला डबल चक्री मिळते. पहिली आवळा, दुसरी तिच्यावर आवळा. हलून दाखवा म्हणावं.

मिठाचं म्हणाल तर गाडीत दोन लिटर पाण्याची बाटली ठेवा की. निघायच्या आधी ओता, चक्री दोन फेरे फिरवा, झालं. बाटलीभर पाण्याचा कंटाळा म्हणून सीटच नको म्हणणं मला तरी हसण्यासारखं वाटतं.

निपाणी_गॅरेज
तुमचं दोघांचं भांडण श्रीमंतांचं हाय. कोस्टर इथं दुकानात मिळत न्हाई, चांगली सीट मागवायची तर परत पैसे. माझ्या रॉडला दोन होज क्लिपा हायत. रेडिएटरच्या पायपाला लावतो त्याच. खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर रीलचा पाय, स्क्रू आवळला, विषय संपला. वर इन्सुलेशन टेपचे चार वेढे. पाहिजे तिथं सरकवा. टिळकवाडीच्या अण्णांचं सगळं हातात येतंय आणि खटकापण न्हाई, म्हणजे खानापूरवाले पण खूश.

टिळकवाडी_ते_तेरेखोल
@खानापूर, रिकामा खटका उघडतो हो. रीलच्या पायावर ताणून बसलेला खटका बाहीनं उघडत नाही, उघडायला अंगठ्याचा चांगला जोर लागतो. ज्याचा आपोआप उघडतो त्यानं मापापेक्षा मोठी कडी घेतलीय. आणि चक्रीपण ढिली होते की. दिवसभर फेकाफेकी झाली की फिरते, म्हणून तर डबल चक्री निघाली!

@निपाणी, होज क्लिप इंग्लंडातही लावायचे. तिकडं तिला ज्युबिली क्लिप म्हणतात. लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यानं १९२१ साली पेटंट घेतलं होतं. म्हणजे समुद्राशी नातं जुनंच आहे तिचं. पण कार्बनवर नको, एवढं ऐका.

उद्यमबाग_लेथ
धागा वाचत होतो, आता राहवत नाही. माझं काम टर्निंगचं, त्यामुळं मासा किती मोठा याच्यावर मी बोलणार नाही, आवळण्यावर बोलतो.

कार्बनचा ब्लँक म्हणजे पातळ भिंतीची पोकळ नळी. त्यातले बहुतेक धागे लांबीच्या दिशेनं जातात, त्यामुळं वाकायला तो जबरदस्त, पण बाजूनं चिमटलं तर तेवढा दम नाही. होज क्लिपच्या वर्म स्क्रूला यांत्रिक फायदा इतका असतो की साध्या स्क्रूड्रायव्हरनंसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, आणि तो सगळा दाब अर्ध्या इंचाच्या पट्टीत. शिवाय पट्टी ब्लँकला सगळीकडून सारखी टेकत नाही. रीलचा पाय मध्ये आहे, त्याच्या दोन्ही कडांना पट्टी अधांतरी राहते आणि पायाच्या धारा ब्लँकमध्ये रुततात. बारीक चीर पडली तर वरच्या टेपमुळं ती दिसणारही नाही. ज्या दिवशी जोरात फेकाल त्या दिवशी दिसेल. जुन्या जाड फायबरग्लासच्या रॉडला चालतं, तो सोसतो. निपाणीकरांचा रॉड फायबरचा असणार, म्हणून टिकलाय.

क्लिपमध्येपण भेद आहे. स्वस्त क्लिपची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा मुलामा दिलेला असतो. खाऱ्या पाण्यात आधी स्क्रू जातो. लोहचुंबक लावून बघा, स्क्रूला कडक चिकटला तर समजून जा. समुद्रासाठी ३१६ ग्रेड मागा, ३०४ वर ठिपके येतात.

आता ॲल्युमिनियमबद्दल. मला दोघा-तिघांनी विचारलं होतं, 'लेथवर ॲल्युमिनियमची कडी काढून दे, हलकी होईल.' मी देत नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले, मध्ये खारं पाणी आलं, की बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कडीच्या आत पांढरी भुकटी जमते. काढायचीच तर नायलॉन नाहीतर डेलरिनची (एक टणक प्लास्टिक) कडी काढावी.

कारवार_सदाशिवगड
आमच्या इथं काळी नदीच्या मुखाशी येऊन बघा. पोरं बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोर) गुंडाळून चोणक मासा काढतात. ना सीट, ना कोस्टर. तुम्ही घाटावरून १३ फुटी बांबू घेऊन येता, गाडीतून उतरवायलाच अर्धा तास.

मस्करी सोडा. खाडीच्या तोंडाशी आणि जेटीवर ९-१० फुटी कंपनीचा रॉड पुरतो आणि त्याला सीट लावूनच येते. हा सगळा वाद फक्त कोऱ्या ब्लँकवाल्यांचा आहे. बाकीच्यांनी आहे ती सीट धुवावी आणि मासे पकडावेत.

कॅम्प_वैनी
कारवारकर, कंपनीच्या सीटवर तर माझा सगळ्यात जास्त राग आहे! १२ फुटी रॉड घेतला की सीट अशा अंतरावर असते की माझा हातच पुरत नाही. साधी पद्धत आहे: बुडखा काखेत धरायचा, हात दांड्यावरून सरळ ताणायचा, पंजा जिथं सहज मिटेल तिथं रीलची मान यायला हवी. माझी उंची पाच फूट. माझ्या मिस्टरांच्या मापात आणि माझ्यात चांगला वीतभर फरक पडतो. त्यांच्या रॉडनं फेकायचं तर मला खांदा काढून द्यावा लागेल. सहा फुटी पुरुष समोर धरून कंपनी सीट चिकटवते आणि मग दुकानदार मला सांगतो, 'मॅडम, लेडीजसाठी छोटा रॉड घ्या.' रॉड छोटा कशाला? सीट खाली घ्या ना!

म्हणून टिळकवाडीच्या बाजूनं माझं अर्धं मत. कोस्टरनं माझी जागा मला सापडली. पण जागा सापडल्यावर मी ते काढून टाकले. आता माझ्या रॉडवर प्लेट सीट आहे. फुजी कंपनीची मिळते, चपटी पट्टी, ब्लँकवर ठेवून दोऱ्यानं गाइडसारखी वेढायची आणि वर इपॉक्सी. नळी नाही, त्यामुळं तळहातात ब्लँकच येतो. माझ्या लहान पंजाला तो जाड पाइप झेपतच नव्हता, आणि हे इथं एकाही पुरुषानं लिहिलं नाही.

@खानापूर, तुम्ही म्हणता आट्यांची सीट पक्की. पण ती चिकटवली कशी यावर पक्केपणा ठरतो. सीटचं भोक मोठं आणि ब्लँक बारीक, मधली फट मास्किंग टेप गुंडाळून भरतात. टेपचा अखंड थर दिला तर गोंद ब्लँकला लागतच नाही, लागतो फक्त टेपला. खारं पाणी शिरलं की टेप कुजतो आणि सगळी सीट फिरायला लागते.

खानापूर_मलप्रभा
वैनी, हे मान्य, पण हा कारागिराचा दोष झाला, सीटचा नव्हे. मुळात सीट ब्लँकच्या मापाची घ्यावी. फुजीच्या डीपीएस सीटवर १८, २०, २२, २४ असे नंबर असतात, ते साधारण आतल्या भोकाचे मिलिमीटर. फट उरलीच तर टेपच्या अरुंद कड्या अंतर ठेवून घालायच्या, मधल्या जागेत इपॉक्सी भरायची, म्हणजे गोंद ब्लँकपासून सीटपर्यंत सलग जातो. चिकटवायच्या आधी ब्लँकची चकाकी बारीक पॉलिश पेपरनं घालवायची. ते न करता चिकटवलेली सीट मीपण हातानं फिरवून दाखवीन.

आणि छोटी सीट घेऊन पस्तावणारे पुष्कळ आहेत, कारण मोठ्या रीलचा पाय जाड असतो, बारीक टोपीत शिरतच नाही. हे दुकानातच रील घालून बघायचं.

जागेचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं उत्तर क्लॅम्प नव्हे. रील टेपनं बांधा, मोकळ्या मैदानावर हलकं शिसं लावून हळू फेका, जागा ठरवा, मग चिकटवा. तुम्हीपण शेवटी पक्कंच केलंत ना?

कॅम्प_वैनी
केलं. कारण माझं रील एकच आहे. टिळकवाडीकरांची दोन आहेत.

टिळकवाडी_ते_तेरेखोल
तेच तर! आणि खानापूरच्या साहेबांच्या रॉडवर त्यांची पोरगीपण फेकते, त्यांनीच मागं फोटो टाकला होता. तिनं बापाच्या हाताच्या मापानं फेकायचं का?

खानापूर_मलप्रभा
पोरगीला वेगळा रॉड घेतलाय. आणि ती माझ्यापेक्षा लांब फेकते, त्यामुळं तिचं नाव मध्ये आणू नका.

खटक्यावर माझा विश्वास नाही, तो या धाग्यानं बसणार नाही. रात्री मोठा शेंगाळा लागला, रॉड कमानीसारखा वाकला, तर कडीखालचा ब्लँकही थोडा वाकणारच. त्यावेळी कडी किती घट्ट राहते हे कुणी सांगेल का? उद्यमबागवाले, तुम्हीच बोला.

उद्यमबाग_लेथ
बुडख्याचा भाग सगळ्यात जाड, तिथं वाक नगण्य. तुम्ही म्हणता तो वाक मधल्या आणि वरच्या भागात येतो. कडी मापाची असेल तर त्यानं सुटणार नाही. पण तापमानाची काळजी घ्या. उन्हात काळ्या गाडीच्या टपावर रॉड बांधून आणला की नायलॉन थोडं सैल पडतं, पाण्यात राहिलं की थोडं फुगतं. डेलरिन यात बरं, पाणी फार कमी पितं. किनाऱ्यावर पोहोचल्यावर एकदा रील हातानं पिळून बघायची, हलली तर कडीखाली ट्यूबची पट्टी. निपाणीकरांची ट्यूब इथं कामाची.

निपाणी_गॅरेज
बघा, शेवटी माझीच ट्यूब! बरं, रॉड फायबरचाच हाय माझा, ते बरोबर ओळखलं. पण पुढच्या सीझनला कार्बनचा घ्यायचा इचार हाय. जून-जुलैत दर्या खवळलेला, ट्रॉलरपण बंदीत, तेव्हा बसून करीन म्हटलं. कडी काढून देणार काय?

उद्यमबाग_लेथ
देतो, पण माप व्हर्नियरनं घेऊन पाठवा, टेपनं नको. रील जिथं बसणार तिथं दोन जागी, पायाच्या पुढच्या आणि मागच्या जिभेखाली. बरेच बुडखे सरळ दिसतात पण अर्धा-पाऊण मिमीचा उतार असतो, त्यामुळं दोन्ही कड्या वेगवेगळ्या मापाच्या लागतात. रीलच्या पायाची जाडी आणि रुंदीपण हवी. खटका मी करत बसणार नाही, त्याजागी नायलॉनचाच आट्याचा रिंग-नट देईन.

खानापूर_मलप्रभा
म्हणजे आटे आलेच की परत! 😀

टिळकवाडी_ते_तेरेखोल
नायलॉनचे आटे गंजत नाहीत, साहेब. लेथवाले, माझंपण माप लिहून घ्या: पुढं २४.६, मागं २५.१. नट मोठ्या खाचांचा करा, ओल्या हातानं फिरला पाहिजे.