‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’: सामूहिक नाट्यदर्शनासाठी एक सूचना

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

नाट्यशाखेच्या यंदाच्या सामूहिक नाट्यदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची मोठमोठी नावे सुचवली जात आहेत. त्यांत ब्रॉडवेच्या वेशीबाहेरच्या एका नाटकाची भर घालावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. नाटक आहे ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’. 2019 साली मायकेल मेयर यांच्या दिग्दर्शनाखाली ते वेस्टसाइड थिएटरमध्ये नव्याने उभे राहिले आणि महामारीतला खंड संपल्यावर तिथेच पुन्हा सुरू झाले. पोर्ट अथॉरिटीच्या बसतळावर उतरून हे नाट्यगृह पायी गाठता येते, त्यामुळे न्यू जर्सीकरांना गाडी कुठे लावायची याची विवंचना नाही. इमारत मुळात चर्चची असून वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षागृहात तीनशेही खुर्च्या नाहीत. मागच्या रांगेत बसूनही नटाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते.

चित्रपटावरून बेतलेल्या म्युझिकलांविषयी माझे मत एरवी फारसे अनुकूल नाही. गाजलेली वाक्ये जशीच्या तशी रंगमंचावर आणायची, ओळख पटल्याच्या आनंदात प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या आणि उरलेल्या जागा गाण्यांनी भरायच्या, हा त्यांतल्या बऱ्याच नाटकांचा शिरस्ता असतो. इथे तसे झालेले नाही, कारण मूळ चित्रपटात जपून ठेवण्यासारखे कमी आणि पुढे नेण्यासारखे बरेच होते. रॉजर कॉर्मन यांनी 1960 साली तीसेक हजार डॉलरांत, दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेल्या सेटवर, मुख्य चित्रीकरण अवघ्या दोन दिवसांत उरकून तो बनवला. माणसाच्या रक्तावर वाढणारे एक रोप आणि फुलांच्या दुकानात काम करणारा सीमोर नावाचा एक गरीब, बावळट मुलगा, एवढेच त्याचे भांडवल. पुढे अपरात्री टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेल्याने त्याला भक्त मिळाले. हॉवर्ड ॲशमन हेही त्या भक्तांपैकीच. त्यांनी संहिता आणि गीते लिहिली, ॲलन मेंकन यांनी 1960 च्या सुमारास रेडिओवर गाजणाऱ्या मुलींच्या गायनपथकांच्या धर्तीवर संगीत दिले आणि 1982 साली डब्ल्यूपीए थिएटरमधून हे नाटक सेकंड ॲव्हेन्यूवरच्या ऑर्फियम थिएटरात आले. तिथे 1987 पर्यंत त्याचे 2,209 प्रयोग झाले. मधल्या काळात ब्रॉडवेवर नेण्याची भाषा झाली होती, पण नाटक आहे त्याच जागी शोभते असे ॲशमन यांचे मत पडले. 2003 साली, त्यांच्या पश्चात, ते ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहात गेले खरे, पण वर्षभरही टिकले नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगाविषयी. रोप वाढत जाते हे रंगमंचावर दाखवायचे तर एकाच रोपाच्या चार बाहुल्या लागतात. मार्टिन रॉबिन्सन यांनी 1982 साली बसवलेली ही युक्ती आजही तशीच चालते. पहिली बाहुली मुठीएवढी. दुसरी कुंडीतली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत सुंदर: सीमोरने ती कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली दिसते, मात्र त्यांतला एक हात खोटा असतो, जाकिटाच्या बाहीला जोडलेला, आणि नटाचा खरा हात कुंडीच्या आतून रोपाचे तोंड हलवत असतो. हे एकदा कळल्यावर नटाकडे पाहावे, म्हणजे तो किती कामे एकदम करतो हे लक्षात येते. तोंडाने गाणे, डोळ्यांत रोपाची भीती, आणि मनगट मात्र त्या भीतीचे कारण चालवत असते. तिसऱ्या बाहुलीत माणूस आत बसतो आणि त्याचे पाय मुळ्यांमध्ये खपून जातात. चौथी रंगमंचाचा मोठा भाग व्यापते आणि नटांना अख्खे गिळते. रोपाचा आवाज देणारा गायक प्रेक्षकांना दिसत नाही आणि ओठ हलवणारा बाहुलीच्या पोटात कोंडलेला, तरीही शब्द आणि जबडा यांत तसूभर अंतर पडत नाही. आपल्याकडे ज्यांनी कधी पार्श्वसंगीताच्या ध्वनिफितीवर नाच बसवला असेल त्यांना या तालमी काय असतील याची कल्पना येईल.

क्रिस्टल, रॉनेट आणि शिफॉन या तिघी नाटकभर फूटपाथवर उभ्या राहून गातात आणि सूत्रधाराचे काम करतात. त्यांची नावेही त्या काळच्या गायनपथकांवरूनच घेतलेली आहेत. ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना समूहगानाने गुन्ह्याला साथ कशी द्यावी हे नव्याने सांगायला नको.

कळावे, लोभ असावा.
सु. दे. (एडिसन)

*

ताईंस आणि सर्वांस सादर नमस्कार.

आपले पत्र आवडले, पण मूळ चित्रपटाला आपण फार लवकर निकालात काढले असे वाटले. मी तो या देशात आल्यावर, भाड्याच्या खोलीत, रात्री उशिरा टीव्हीवर पाहिला आहे आणि त्याची विक्षिप्त मजा नाटकात उरलेली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. फुले विकत घेऊन तिथेच मीठ घालून खाणारे गिऱ्हाईक, आजारांची हौस असलेली सीमोरची आई आणि दंतवैद्याकडे दुखावे म्हणूनच जाणारा तो रुग्ण, ज्याची भूमिका तेव्हा कोणालाही ठाऊक नसलेल्या जॅक निकल्सनने केली होती: ही सगळी मंडळी नाटकातून गळली आहेत. त्यांच्या जागी एक अनाथ मुलगा, एक दुःखी मुलगी आणि त्यांची प्रेमकथा आली. चित्रपट कोणाचीच कीव करत नव्हता, म्हणूनच तो हसवत होता.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. नाटकातील ऑड्री ही दुकानातली मुलगी पहिल्या प्रवेशात येते तीच डोळा काळानिळा झालेल्या अवस्थेत, आणि पुढे तिचा हात गळ्यात बांधलेला दिसतो, कारण तिचा प्रियकर तिला मारतो. हा प्रियकर म्हणजे तो दंतवैद्य, आणि त्याच्या वाट्याला नाटकातले सर्वांत टाळ्याखाऊ गाणे आहे. सभागृह त्यावर खदखदून हसते. आपल्या सहलीला तरुण मुली येतील, काही घरांतून दहा-बारा वर्षांची मुलेही येतील, आणि मंडळाच्या महिला मदतगटाला घरगुती मारहाणीच्या संदर्भात काय काय हाताळावे लागते हे आपण सगळे जाणतो. हे नाटक मंडळाच्या नावाने न्यावे का, याचा विचार व्हावा.

आपला,
वि. ग. (क्वीन्स)

*

आदरणीय काका,

आपली दुसरी शंका मला पटते आणि पहिली पटत नाही. गंमत अशी की दोन्हींचे उत्तर नाटकात एकाच ठिकाणी सापडते. पुढे कथानक उघड करावे लागत आहे, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी हे पत्र इथेच सोडावे.

चित्रपटातील सीमोरच्या हातून पहिला माणूस मरतो तो निव्वळ अपघाताने. नाटकात अपघात नाही. रोप त्याच्याशी उघड सौदा करते: तू मला रक्त दे, मी तुला पैसा, प्रसिद्धी आणि ती मुलगी देतो. ज्याचे रक्त द्यायचे तो माणूसही रोप समोर दाखवते, आणि तो म्हणजे ऑड्रीला मारणारा दंतवैद्य. सीमोर पिस्तूल घेऊन त्याच्या दवाखान्यात जातो, पण गोळी झाडायची वेळच येत नाही. दंतवैद्याने गंमत म्हणून चढवलेला गॅसचा मुखवटा अडकतो, तो गुदमरत मदत मागतो आणि सीमोर जागचा हलत नाही. ज्या सभागृहाने मघाशी त्या माणसाच्या गाण्याला टाळ्या दिल्या होत्या, ते आता त्याच्या मरणाला मनातून संमती देते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक खुनाला आपण सीमोरइतकेच बांधले जातो. दंतवैद्यानंतर ज्या म्हाताऱ्या दुकानदाराने त्याला लहानाचे मोठे केले तो जातो, मग ऑड्री, मग सीमोर स्वतः. चित्रपटातील विक्षिप्त मंडळी ठेवली असती तर प्रत्येकावर हसून आपण मोकळे झालो असतो. ॲशमन यांनी ती काढून टाकली म्हणून हा हिशेब चुकता होतो. सीमोरला त्यांनी अनाथ केले यालाही अर्थ आहे: कुंडीखेरीज त्याला कोणी विचारलेलेच नसते.

ऑड्रीच्या बाबतीतही त्यांनी कीव केली असे मी म्हणणार नाही. आपल्याला असलाच माणूस मिळायचा, असे ती स्वतःविषयी मानत असते, आणि तिचे स्वप्नाचे गाणे त्यातूनच येते. उपनगरात एक लहानसे घर असावे, भोवती तारेचे कुंपण, बारा इंची पडद्याचा टीव्ही, आणि सोफ्यावर तो मळू नये म्हणून प्लास्टिकचे आच्छादन. न्यूयॉर्कचे तरुण प्रेक्षक त्या आच्छादनावर हसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या पहिल्या घरात तसाच सोफा होता, तेव्हा त्या क्षणी आपली रांग गप्प राहिली तर मला आश्चर्य वाटणार नाही. संहितेच्या आरंभी लेखकाने नटांना बजावलेलेच आहे की या पात्रांची टर उडवू नये, त्यांना प्रामाणिकपणे आणि साधेपणाने सादर करावे. मी पाहिलेल्या प्रयोगात ऑड्रीने ते गाणे जवळजवळ न हलता म्हटले.

शेवटाचाही मुद्दा आहेच. फ्रँक ऑझ यांनी 1986 साली या नाटकावरून पुन्हा चित्रपट केला आणि त्याचा शेवटही नाटकाप्रमाणेच, दोघांना रोपाने खाण्याचा, चित्रित केला. सॅन होजे येथील चाचणी-प्रदर्शनात गाण्यामागून गाण्याला टाळ्या देणारे प्रेक्षक दोघे मरताच थंड पडले, आणि बराच खर्च केलेला तो सगळा भाग काढून सुखान्त जोडावा लागला. मूळ शेवट 2012 साली उपलब्ध झाला. ऑझ यांनी याचे कारण फार नेमके दिले आहे. नाटकात मेलेले नट शेवटी प्रेक्षकांना अभिवादन करायला परत येतात. चित्रपटात मेलेला माणूस मेलेलाच राहतो. एवढ्या कडू गोष्टीला म्हणूनच रंगमंच लागतो, असे मी समजते. ऑर्फियममध्ये तर अखेरच्या गाण्याला छतातून वेली खाली सोडत असत, प्रेक्षकांच्या डोक्यांवर.

मारहाणीवरच्या हशाविषयी आपले म्हणणे मात्र मी खोडून काढणार नाही. त्या गाण्यावरचा हशा ऐकताना मलाही अवघडल्यासारखे झाले, आणि तो हशा पुढे आपल्यावरच उलटतो हे दहा वर्षांच्या मुलाला उमगेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही. मुलांना नेऊ नये, आणि मोठ्यांना तिकिटे घेण्याआधी विषयाची कल्पना द्यावी, एवढी दुरुस्ती मी माझ्या सूचनेत करते.

आपली नम्र,
सु. दे.

*

सर्वांना नमस्कार.

दोन्ही बाजूंची पत्रे समितीने वाचली. काकांची हरकत आणि ताईंची दुरुस्ती लक्षात घेऊन ही सहल मंडळाच्या कौटुंबिक कार्यक्रमांत न धरता नाट्यशाखेची म्हणून, केवळ प्रौढ सभासदांसाठी ठरवत आहोत. निवेदनात मारहाणीच्या प्रसंगांचा उल्लेख स्पष्टपणे केला जाईल. नाट्यगृह लहान असल्याने एकत्र जागा मिळण्यासाठी नावे लवकर कळवावीत, आणि शक्यतो मधल्या रांगा घ्याव्यात अशी ताईंची शिफारस आहे, कारण फार पुढे बसल्यास चौथ्या बाहुलीचा पूर्ण आवाका नजरेत येत नाही. काकांनी 1960 चा चित्रपट आधीच्या आठवड्यात मंडळाच्या सभागृहात दाखवून त्यावर दहा मिनिटे बोलावे, अशी त्यांना विनंती केली असून त्यांनी ती मान्य केली आहे. त्यांनी पंधरा मिनिटे मागितली आहेत.

कार्यवाह, नाट्यशाखा