मदत हवी आहे: शोषखड्डा गाळाने भरतोय
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. गेल्या वर्षी गच्चीचं पाणी जिरवायला विहिरीजवळ शोषखड्डा केला. पण मागच्या उतारावरची माती पहिल्याच पावसात त्यात उतरली. वाळूवर चार बोटं गाळ बसला, पाणी मुरेना, सगळं गढूळ गटारात. बघून जीव तुटतो हो! गच्ची ६०० चौरस मीटर, पाऊस २५०० मिलिमीटर धरला तर १५ लाख लिटर होतात, आणि मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो.

उतारावर वाळा लावावा म्हणतेय. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. रोपं ठाण्यात कुठे मिळतील? खड्ड्याआधी गाळ बसायला टाकी केवढी बांधावी? कुणी केलं असेल तर सांगा, रविवारी येऊन बघेन.